गाड्या वळवायची जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, विधवा, नकाशा कार्यालयातून अक्षरलेखिका म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे व तो सोबत जोडला आहे. जीभ ठिकाणावर असल्याचा दाखला कोणी मागितला नाही, हे बरे झाले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले. ते कोणी केले हे पुढे ज्याच्या त्याच्या कलमात येईल.

थंडी सुरू होताना मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागाने केले होते. हेही रागानेच करते आहे, पण आता राग वेगळ्या माणसांवर आहे. तरी आधीचे रद्द समजावे.

घाई एवढ्यासाठी की पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर आता पूर्ण वाक्ये बोलत नाहीत. मी उन्हाळ्याचे विचारले तर म्हणाले, "उन्हाळ्याचं आपण नंतर बघू." ज्या माणसाला उत्तर माहीत असते तोच असे बोलतो.

कलम पहिले. या कागदाचे कारण.

भांडण घरावरून नाही. माझा मुलगा व सून यांना उन्हाळ्यात मूल होणार आहे. मुलगी झाली तर तिला माझ्या वारलेल्या मुलीचे नाव ठेवायचे असे त्यांनी ठरवले आहे. आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की ते नाव ठेवल्यास त्यांना हे घर मिळणार नाही. त्या अटीचे पुढे काय झाले हे सहाव्या कलमात आहे. ज्यांना दम नाही त्यांनी पाने उलटावीत. ते ती उलटतीलच.

ते नाव मी या कागदावर लिहिणार नाही. तिच्यासाठी मी ते शेवटचे लिहिले ते तिच्या कबरीच्या लहान दगडावर, खडूने, कोरणाऱ्याला नमुना म्हणून. त्यानंतर या हाताने ते लिहायचे नाही असे मी ठरवले व, नोकरीतले एक काम सोडले तर, परवापर्यंत पाळले. यावर वकीलसाहेबांनी हरकत घेतली. ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत व मला बाई म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसे.

"बाई, नाव लिहावं लागेल. नाहीतर कोर्ट विचारेल, कोणतं नाव?"

"ज्यांनी हे वाचायचं आहे त्या सगळ्यांना ते ठाऊक आहे म्हणावं."

"शिवाय नाव ही मिळकत नसते. ते कोणाला देता येत नाही आणि कोणाकडून काढूनही घेता येत नाही."

"माझ्याकडून घेतलंच की काढून. तेव्हा कुठे होतं तुमचं कोर्ट?"

त्यांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "बरं, 'सदर नाव' म्हणूया." माणूस कामाचा आहे. त्यांची फी वेळेवर द्यावी.

कलम दुसरे. सदर नाव कुठून आले.

हे मृत्युपत्रात बसत नाही असे वकीलसाहेब म्हणतात. इतर कुठे बसवले असते तर कोणी वाचले नसते.

आमच्या कार्यालयात नकाशावरची नावे हाताने लिहीत. नदीचे नाव तिरपे, प्रवाहाच्या दिशेने कललेले. गावाचे नाव उभे. उठून गेलेल्या गावाचे नाव केसासारख्या बारीक रेघेने. चूक झाली तर ब्लेडने खरवडायची, कागदाला भोक पडू न देता. माझे अक्षर मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी घडवले. वेलांटी लोंबली की बोटांवर पट्टी बसे. प्रार्थना मी त्यांच्याकडे शिकले, भांडणे घरी शिकले, आणि नोकरीत दोन्ही उपयोगी पडले.

मी नवी असताना एका मोठ्या नकाशाचा लहान नकाशा करायचे काम आले. लहान नकाशात जागा कमी, म्हणून बारीकसारीक वस्त्यांची नावे गाळतात. मुख्य आरेखकांनी एका नावावर तांबडी फुली मारली. ओढ्याकाठी आठ-दहा घरे, शेजारी मोठे बाजाराचे गाव, त्या गावाच्या नावाला जागा हवी होती. मी फुली मारलेले नाव सोडून पुढे निघाले होते, तेवढ्यात एक मोजणीदार टेबलाशी येऊन उभा राहिला. बूट चिखलाने भरलेले. म्हणाला, "हे का गाळलं?"

"जागा नाही."

"तिथे जागेशिवाय दुसरं काही नाही. तिथे रस्ता संपतो. पुढे दरड आहे. गाड्या तिथे जाऊन वळतात, म्हणून त्या जागेला ते नाव. गाड्या वळवायची जागा. तेवढाच अर्थ आहे. हे नाव गाळलंत तर नकाशा बघून जाणारा माणूस पुढे जाईल."

मी नकाशा फिरवून फिरवून पाहिला. मग ते नाव सरळ न लिहिता ओढ्याच्या वळणाबरोबर वाकवून लिहिले, एकेक अक्षर थोडे थोडे फिरवत. बाजाराच्या गावाला धक्का लागला नाही. मुख्य आरेखक म्हणाले, "हा कसला लाडिकपणा?" पण खोडायला सांगितले नाही. मोजणीदार त्यानंतर दर आठवड्याला काही ना काही विचारायला येऊ लागला. त्याचे सगळे प्रश्न नकाशाबद्दलचे नव्हते. पुढे मी त्याच्याशी लग्न केले.

मुलगी झाली तेव्हा नावाची चर्चाच झाली नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, झाले. शाळेतल्या सिस्टर म्हणाल्या, या नावाची एकही संत नाही. मी म्हटले, हिला होऊ दे आधी मोठी.

ती मोठी झाली नाही. नवव्या वर्षी मेंदूज्वराने गेली. याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

मात्र एक गोष्ट लिहून ठेवते. तिने एकदा विचारले, "आई, वर्गात सगळ्यांच्या नावाचा अर्थ फूल नाहीतर चांदणी असा असतो. माझ्या नावाचा काय?" मी खरे ते सांगितले. वाटले, रुसेल. ती ओट्याला टेकून इतकी हसली की तिला उचकी लागली. मग घरातल्या लांब बोळात दारापासून धावत टोकापर्यंत जायची आणि वळून परत यायची. "गाडी वळली," असे ओरडत. खालच्या मजल्यावरचे तक्रार करायला येत. त्यांचाच मुलगा आता खाली दंतवैद्य आहे.

कलम तिसरे. नणंदबाई.

माझ्या यजमानांची धाकटी बहीण बायकांच्या एका मासिकात बाळांच्या नावांचे सदर लिहीत असे. मुलगी गेली त्या वर्षी तिने फोन केला. फोन यजमानांनी घेतला, मी शेजारीच बसले होते.

"दादा, तिचं नाव सदरात घालते, तिची आठवण म्हणून. अर्थ काय लिहू?"

त्यांनी अर्थ सांगितला. पलीकडे पेन ठेवल्याचा आवाज. मग, "असं कुठे छापतात का? आया वाचतात रे. काहीतरी गोड हवं."

ते म्हणाले, "गोड नाहीये ते." आणि फोन ठेवला. पुढच्या अंकात छापून आले: पहाटेचा पहिला किरण. दुर्मीळ, निसर्गरम्य स्थळावरून घेतलेले. मग सदराचे पुस्तक झाले. मग एका मालिकेत डोळ्यांत पाणी घेऊन वावरणाऱ्या नायिकेला ते नाव मिळाले. त्यानंतर बागेत बाबागाड्यांची रांग असली की त्यातल्या एकीत तरी एक किरण झोपलेला असायचा. आता कोणी मला सांगते, फार वेगळं नाव ठेवलंय हो नातीचं, तेव्हा मी डोळे मिटून घेते. त्यांना वाटते मी कल्पना करते आहे.

एकदा खालच्या दंतवैद्यांकडे मी दाढेसाठी बसले होते. काउंटरवरच्या मुलीने ते नाव पुकारले. दोन लहान मुली उठल्या. दोघींच्या आया उठल्या. आणि मीही उठले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, तुमचा नंबर अजून नाही." मी म्हटले, ठाऊक आहे. दाढ तशीच ठेवून घरी आले. ती अजून दुखते.

त्याच वर्षी नणंदबाई घरी आल्या होत्या. चहाचा कप हातात धरून म्हणाल्या, "वहिनी, आपल्या मुलीचं नाव आज घरोघरी गेलंय."

मी म्हटले, "वन्सं, घरोघरी गेली ती तुमची किरणं. माझी मुलगी कुठे गेली ते मला ठाऊक आहे."

त्या रडल्या. त्यांचे रडणे खोटे नव्हते, एवढे मी मान्य करते. पण रडून झाल्यावर पुढच्या आवृत्तीत त्यांनी अर्थ बदलला नाही.

म्हणून: नणंदबाईंना मी त्यांच्याच पुस्तकाची त्यांनी मला सही करून दिलेली प्रत परत देत आहे. त्यातल्या एका ओळीवर मी ब्लेड चालवले आहे. कागदाला भोक पडलेले नाही, उजेडात धरून खात्री करावी. त्या जागी त्यांनी हवा तो अर्थ लिहावा, किंवा जागा रिकामी ठेवावी. माझी चांगली शालही त्यांना द्यावी. त्यांना थंडी सोसत नाही.

कलम चौथे. ज्यांना काहीही द्यायचे नाही ते.

त्या ओढ्याकाठच्या वस्तीत आता कोणी राहत नाही. दरड फोडून रस्ता पुढे नेला, गाड्या सरळ जाऊ लागल्या, वळायची गरज संपली आणि माणसे उठून गेली. हे यजमानांच्या हयातीतच झाले. नव्या नकाशात ते नाव बारीक रेघेने लिहायचे काम माझ्याकडेच आले होते. मी ते केले. काम ते काम.

पुढे कोणीतरी तिथून बऱ्याच अंतरावर, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, पोहण्याचा तलाव आणि झोपाळे असलेले हॉटेल बांधले व त्याला सदर नाव दिले. पहिल्या किरणाच्या गावी या, अशी पाटी लावली. आता फोनमधल्या नकाशात ते नाव टाकले की बाण त्या हॉटेलवर जाऊन उभा राहतो. खऱ्या जागी नुसता हिरवा रंग आहे. मी त्यांना पत्रे पाठवली. त्यांनी उत्तरादाखल दोन रात्रींच्या मुक्कामावर सवलत देऊ केली. या हॉटेलला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. मिळणार नव्हतेच, पण लिहून ठेवलेले बरे. माझ्या नातलगांपैकी कोणी तिथे सुटीला गेल्यास मला कळणार नाही, हे त्यांचे नशीब.

कलम पाचवे. वस्तू.

माझे टाक, सगळ्या निबा, शाईच्या दौती, ब्लेड, सपाट पितळी वजने आणि भिंग, हे सर्व लाकडी पेटीसह होणाऱ्या नातवंडाला द्यावे, नाव काहीही असो. मूल डावखुरे निघाले तर त्याला मारून उजवे करू नये. सिस्टरांनी मला केले. माझे अक्षर सुंदर आहे, पण भाजी मी अजून डाव्या हाताने चिरते.

यजमानांचे मोजणीचे बूट कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. ते कोणालाही देऊ नयेत. त्यांच्या मापाचा माणूस या घरात नाही. माझ्याबरोबर न्यावेत.

आजारपणाने जी काही बचत शिल्लक ठेवली असेल ती सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर. मुलाने त्याबद्दल तिला विचारू नये. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. पहिल्याच भेटीत मी तिला म्हटले होते, तुझ्या भिंतीवरच्या तक्त्यातल्या अक्षरांची अंतरे चुकली आहेत. ती म्हणाली, "आई, लोकांना ती दिसावीत एवढंच मला हवंय, आवडावीत असं नाही." तेव्हाच मला ती पसंत पडली. हे मी तिला कधी सांगितलेले नाही. आता वाचेल.

कलम सहावे. मुलगा, घर, आणि ती अट.

मुलगी गेली तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. त्यानंतर त्याने बहिणीचे नाव या घरात काढले नाही. आम्हीही काढले नाही. मला वाटे, याला काही आठवत नाही. हे चांगलेच आहे असेही वाटे, आणि कधी कधी त्याचाच राग येई.

या थंडीत तो आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "आई, मुलगी झाली तर आम्ही नाव ठरवलंय." आणि ते नाव घेतले.

मी म्हटले, "पेपरात आवडत्या नावांची यादी येते, त्यातलं पहिलंच उचललंस वाटतं."

"यादीतलं नाहीये ते."

"मग तुलाही पहिला किरण दिसला का?"

तो उठला, बूट घालू लागला. "तुला विचारायलाच नको होतं."

"विचारलंस कुठे? सांगितलंस."

तेव्हापासून तो आला नाही. रोज संध्याकाळी फोन करतो. "औषध घेतलंस?" "घेतलं." "बरं." एवढेच आमचे बोलणे. मी वकीलसाहेबांना बोलावून ते पहिले मृत्युपत्र केले. ते त्याला कळवलेही. तो म्हणाला, "ठीक आहे, घर राहू दे." मला वाटले होते, भांडेल.

मागच्या आठवड्यात सून एकटीच आली. जिना चढून दमली होती. चपला काढून याच टेबलाशी बसली. मी चहा दिला.

"आई, हेच नाव का, हे तुम्ही त्याला विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? निम्म्या गावाचं तेच आहे."

"तो खांब होता."

"कोण?"

"तुमचा मुलगा. त्या बोळात. तुम्ही ऐकलं असेल ती धावायची ते. पण वळायला काहीतरी लागतं ना. ती त्याला टोकाला उभं करायची. हलायचं नाही म्हणून दम द्यायची. मग धावत यायची, त्याचा खांदा धरून गर्रकन फिरायची आणि परत. तो म्हणतो, मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. खांद्यावरचा हात आठवतो. आणि ती येईपर्यंत हलायचं नाही, हे."

 मी त्या वेळी स्वयंपाकघरात असे. येथून बोळाचे दार दिसते, टोक दिसत नाही.

सून म्हणाली, "तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशी पण तो तिथेच जाऊन उभा राहिला होता. शेजारच्या काकूंनी उचलून नेलं."

हे मला माहीत होते. शेजारीण नंतर म्हणाली होती, पोरगं बोळात भिंतीला टेकून उभं होतं, काही केल्या जेवायला येईना, फार हट्टी आहे हो. मीही तेव्हा हट्टच समजले होते.

"त्याला किरण वगैरे काही नकोय, आई. त्याला नावाचा अर्थ ठाऊक आहे. ती रोज ओरडून सांगायची की."

मी तिला विचारले, चहा घेणार का. ती म्हणाली, "मघाशीच दिलात." कप तिच्या पुढ्यात होता.

म्हणून: हे घर, त्यातील सर्व सामानासह, माझ्या मुलाला व सुनेला, दोघांना मिळून, कोणत्याही अटीविना देत आहे. सदर नावाला माझी हरकत नाही. वकीलसाहेब म्हणतात की माझी हरकत असती तरी काही बिघडले नसते. त्यांचे बरोबर आहे, पण मुलाने हे वाक्य दोनदा वाचावे.

स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी बोळाची भिंत पाडायचा बेत मी ऐकला आहे. मी घर दिले की माझे म्हणणे संपते, हे मला कळते. तरी, शक्य असेल तर, बोळ राहू द्यावा. अंधारा आहे आणि त्यात सामान ठेवता येत नाही, पण त्याच्या टोकाला वळता येते.

एक विनंती. हा शब्द मी कार्यालयीन पत्रांखेरीज फारसा वापरलेला नाही. त्या मुलीने कधी विचारले तर तिला खरा अर्थ सांगावा. तिच्या वर्गात त्या नावाच्या आणखी चार जणी असतील व त्या चौघी किरण असतील. त्या हसल्या तर हसू दे. ही मी नसताना विचारील, म्हणून उत्तर कागदावर ठेवते: जिथे पुढे रस्ता नाही, तिथे गाड्या वळवायची जागा.

मुलगा झाला तर कोणी ओढूनताणून त्याला ते नाव देऊ नये.

कलम सातवे, आणि शेवटचे.

याच टेबलाच्या वरच्या खणात एक जाड पांढरे कार्ड आहे, बाळाच्या खाटेला लावता येईल एवढे. काल दुपारी उजेड चांगला होता. त्यावर मी सदर नाव लिहिले आहे. शाई वाळली आहे. एका अक्षरात रेघ हलली आहे, ती वयामुळे. ब्लेड घेऊन ती नीट करण्याइतका हात आता स्थिर नाही. पण अक्षरे सरळ ओळीत नाहीत, ती वळणाबरोबर गेली आहेत, ते मुद्दाम आहे. कोणी दुरुस्त करू नये. मुलगा झाला तर कार्ड खणातच राहू द्यावे. मुलगी झाली तर ते मुलाने स्वतः लावावे, आणि ते सुटणार नाही असे लावावे.

वरील मजकूर माझाच आहे, वाचून पाहिला आहे, शुद्धीत लिहिला आहे, आणि त्यातले कठोर शब्दही शुद्धीतच लिहिले आहेत. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलसाहेबांनी पाहावी. मी साक्षीदारांसमोर व साक्षीदारांनी माझ्यासमोर, सगळ्यांनी एकाच बैठकीत सह्या केल्या.

सही: (स्वहस्ते)
अक्षरलेखिका, निवृत्त

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. सही केल्यावर म्हणाले, "काकू, त्या धावण्याचा आवाज मला अजून आठवतो." तक्रार म्हणून नव्हे, असेही म्हणाले.

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे औषध दुकानदार. अक्षर अगम्य, पण सही त्यांचीच.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: ९ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार.